मुग्धाच्या घरची लाइन

या सदरात लोक लिहितात ते अनुभव मी डबा खाता खाता वाचते आणि बहुतेक वेळा हसते. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या पलंगाखाली कुणीतरी खोकतं... माझा प्रश्न नेहमी एकच – लॉग कुठेय? मी नेटवर्कचं काम करते. आमच्याकडे "आपोआप झालं" असं काही नसतं. कुठेतरी नोंद असते, ती शोधायची. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे याची मला जरा लाज वाटते. पण माझ्याकडे लॉग आहे... आणि तीच तर पंचाईत आहे.

मी जर्मनीत येनाला राहते, लोबेडा भागात, आठव्या मजल्यावर एकटी. कंपनी भिंगं तपासायची यंत्रं बनवते. साठेक माणसं, त्यातले सात जण आम्ही सॉफ्टवेअरवाले. नेटवर्कही मीच सांभाळते, टोर्स्टन नावाच्या सहकाऱ्याबरोबर, कारण बाकी कुणी हौसेने पुढे आलं नाही.

मुग्धा माझी पुण्याची मैत्रीण. इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही एका बाकावर काढली, एका डब्यात जेवलो. इथे मी आधी आले. तिचा सीव्ही बॉसच्या हातात नेऊन दिला तो मीच, "माझ्याहून हुशार आहे" असं वर सांगून. माणसाने बोलताना जरा जपून बोलावं.

कारण तीन वर्षांत ते खरं ठरलं. तिचं जर्मन असं की मीटिंगमध्ये ती विनोद करते आणि लोक खरोखर हसतात. मी विनोद केला की लोक विचारतात, म्हणजे काय? आमच्याकडे एक मोठा प्रोजेक्ट आला – भिंगांची मोजमापं गिऱ्हाइकाला आपल्या जागेवर बसून, बाहेरून उघडून बघता यावीत असा. त्याच्या प्रस्तावाची पहिली चार पानं माझी. प्रमुख कोण झालं? मुग्धा. मी तिची फर्ट्रेटुंग, म्हणजे ती नसेल तेव्हा काम बघणारी. नाटक कंपनीत विंगेत बदली नटी उभी असते ना, ती मी.

लोक अशा वेळी "थोडा हेवा वाटला" वगैरे म्हणतात. हेवा फार सभ्य शब्द आहे. मला मत्सर वाटायचा. तिचा मेल आला की पोटात दुखायचं, तिने माझं कौतुक केलं की जास्त दुखायचं. आणि ती कौतुक करायची, मनापासून करायची. त्याचाही मला राग यायचा.

मग तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात डॉक्टरने प्रवास आणि जिन्यांची चढउतार बंद केली, आणि ती घरून काम करायला लागली. हिशेब सरळ होता. प्रसूतीच्या रजेवर जाण्याआधी गिऱ्हाइकाने प्रोजेक्ट पास करायला हवा – इथे त्याला अबनामं म्हणतात. पास झाला तर काम तिच्या नावावर आणि परत आल्यावर पुढचा टप्पाही तिचाच. नाही झाला तर सगळं फर्ट्रेटुंगकडे, म्हणजे माझ्याकडे, कायमचं. बॉसने हे आम्हा दोघींना समोरासमोर बसवून सांगितलं होतं. इथे असलं काही आडून सांगत नाहीत.

आणि दुसऱ्याच आठवड्यात तिचा टिकेट आला, म्हणजे तक्रारीची रीतसर नोंद. घरून व्हीपीएनने, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कात शिरायच्या खाजगी वाटेने, सर्व्हरवरच्या फाइली उघडायला भयंकर वेळ लागतो. साधं फोल्डर चाळीस-चाळीस सेकंद घेतं, मग दोन तास छान चालतं, मग पुन्हा अडकतं.

टिकेट माझ्या नावावर पडला.

एक गोष्ट कुणीही विचारण्याआधी सांगते. मी कामात कसूर केली नाही. उलट इतकी मेहनत मी कुठल्याच टिकेटवर घेतलेली नाही, कारण उद्या कुणी म्हणायला नको की हिनेच मुद्दाम रखडवलं.

आधी वायफाय बंद करून केबल लावली. मग पाकिटांचा आकार बघितला – डेटा छोट्या पाकिटांतून जातो, व्हीपीएनमध्ये त्यावर आणखी एक पाकीट चढतं, आणि कधीकधी ते फुगून वाटेत अडतं. आकार कमी केला. व्हायरस तपासणारा प्रोग्राम फाइल उघडण्याआधी वास घेत बसतो, त्याला त्या फोल्डरपुरता गप्प केला. माझा लॅपटॉप तिला दिला आणि तिचा मी लोबेडाला नेला. तिच्या घरी माझा लॅपटॉप अडकायला लागला, माझ्या घरी तिचा सुसाट. इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन लाइन तपासून गेला. उत्तम आहे म्हणाला, कॉफी प्यायला आणि गेला.

लांबून फाइल उघडायला वेळ लागतो हे मला कुणी सांगू नका. एक फाइल मागताना लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात शंभर वेळा "आहेस का?", "आहे" चालतं. पण पुण्याहून काम करणारा आमचा एक माणूस तीच फाइल चार सेकंदांत उघडत होता. मुग्धाचं घर ऑफिसपासून सहा किलोमीटरवर आहे.

शेवटी मी तिच्याकडे पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा कॉम्प्युटर नेऊन ठेवला. तो दर मिनिटाला व्हीपीएनवरून सर्व्हरची एक चाचणी फाइल उघडायचा आणि किती सेकंद लागले ते लिहून ठेवायचा. रात्रंदिवस, रविवारीसुद्धा, मुग्धा काम करत असो वा नसो.

तो बसवायला गेले त्या शनिवारी दुपारी तिच्या सासूबाई घरी होत्या. सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. मुग्धा त्यांना आई म्हणते, मी काकू. मी टेबलाखाली वाकून केबल लावत होते आणि काकू वरून माझी चौकशी करत होत्या. मग मुग्धाला म्हणाल्या, "सूनबाई, या मशीनचं काय ते हिला बघू दे, पण तुझी दृष्ट मी आज काढणारच. पोटुशी बाई, नवं घर, वर ते प्रोजेक्ट का काय... कुणाकुणाच्या डोळ्यांवर आलं असेल."

"अहो आई, राउखमेल्डर वाजेल ना!" मुग्धा हसत म्हणाली. राउखमेल्डर म्हणजे छताला लावलेली धुराची घंटा. त्यांच्याकडची इतकी हळवी की मोहरीच्या फोडणीलाही किंचाळते.

"वाजला तर वाजू दे. टॉवेल हलवायला समीर आहे." समीर म्हणजे मुग्धाचा नवरा. तो निमूटपणे टॉवेल घेऊन उभा राहिला.

काकूंनी मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या आणि मुग्धावरून उतरवायला लागल्या. "आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, कुणाची लागली असेल ती जाऊ दे." मग लॅपटॉपवरूनही मूठ फिरवली. "त्याने काय बिघडतंय," म्हणाल्या. सगळं तव्यावर टाकलं. मिरच्या काळ्या पडल्या, धूर झाला, आणि... काही नाही. कुणालाही ठसका आला नाही. घंटा गप्प. समीर टॉवेल धरून वर बघत राहिला.

ठसका आला नाही की दृष्ट होती असं म्हणतात. काकूंनी मान हलवली. "बघ. केवढी होती."

"काकू, खिडकी उघडी आहे," मी म्हणाले. खिडकी खरंच उघडी होती.

"बरं बाई, तू म्हणतेस तर खिडकी. ये, तूही बस. परमुलखात एकटी राहतेस."

मी नको नको म्हणत बसले. तीच मूठ, तोच तवा, तीच खिडकी. मिरच्या तव्यावर पडायचा अवकाश, खोलीभर खकाणा उठला. समीर खोकत बाल्कनीत पळाला, घंटा किंचाळायला लागली, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

काकू खोकत खोकत हसल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुला नाही गं कुणाची लागलेली. निश्चिंत राहा."

त्या प्रेमाने म्हणाल्या. पण मला ते फार लागलं. कुणाची दृष्ट लागावी असं माझ्याजवळ काहीच नव्हतं, आणि हे एका तव्याने मला सांगितलं. डोळे बराच वेळ वाहत राहिले. सगळ्यांना वाटलं, धूर.

निघताना दारात त्यांनी आणखी एक केलं. मुग्धाच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली, कडाकडा. "परक्याची कुठली लागायला," त्या म्हणाल्या. "लागते ती जवळच्याची. आणि त्या बिचाऱ्याला बहुतेक माहीतही नसतं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. हे मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं आहे, त्या खरंच बघत नव्हत्या.

त्यानंतर तीन दिवस लाइन लखलखीत चालली. बुधवारी सकाळी मुग्धाने ऑफिसच्या ग्रुपवर जर्मनमध्ये लिहिलं की प्रॉब्लेम सुटला, सासूबाईंनी मिरच्या जाळून सोडवला. सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले, बॉसने मिरचीचं चित्र. माझे तीन आठवडे कुठेच नाहीत. मी कॉम्प्युटरसमोर बसून मिरच्यांचा मत्सर करत होते.

पाच मिनिटांनी मुग्धाचा मेसेज आला – "अगं, पुन्हा अडकलं."

मी छोट्या कॉम्प्युटरचा आलेख उघडला. नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी सरळ रेष एकदम वर गेली होती, दोन सेकंदांवरून अडतिसावर. ग्रुपवरच्या तिच्या मेसेजची वेळ होती नऊ चाळीस. मी हसले. मग आठवड्याभराने, पुरेशी नोंद जमल्यावर, मी तो सगळा आलेख समोर घेऊन बसले.

अकरा वेळा लाइन अडकली होती. सकाळी, दुपारी, कशीही, कुठल्याही घड्याळाला न जुळणारी. एक तर शनिवारी दुपारी, चार वाजून तेरा मिनिटांनी. शनिवारी कोण कशाला काम करतंय? त्या दिवशी मी ड्युसेलडॉर्फला मामेभावाकडे होते, त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला. लॅपटॉप लोबेडाला, बंद. आणि तिथे... वहिनीने फोन पुढे केला होता, त्यावर मुग्धाच्या नव्या घराचे फोटो. "ही तुमचीच मैत्रीण ना? काय बाल्कनी आहे! गोड बातमी पण, आणि प्रमुख पण झाली म्हणे. नशीब असावं तर असं." ते फोटो तिने तिथल्या तिथे मला पाठवलेही होते. मी फोन काढून वेळ बघितली. चार बारा.

मग मी एकेक वेळ लावत गेले. गुरुवार, बारा छत्तीस – बारा पस्तीसला बॉसचा मेल सगळ्यांना, "मुग्धाने उत्तम सांभाळलं आहे." सोमवार, नऊ सात – सकाळची मीटिंग, तिने विनोद केला होता. अकरापैकी नऊ वेळा मला नेमकं आठवत होतं की त्या मिनिटाला माझ्या पोटात काय चाललं होतं. उरलेल्या दोनांचं आठवत नव्हतं एवढंच.

तुम्ही म्हणाल, तू बघतेस म्हणून लाइनवर ताण येतो. तेही करून पाहिलं. टोर्स्टनला दिवसभर आलेख उघडा ठेवून बसवलं, एकदाही अडकली नाही. त्याला मी अर्धवटच सांगितलं. "त्सूफाल," तो म्हणाला. योगायोग. "आणि डेटा फार कमी आहे, नाही का?"

मग मी प्रयोग केला. घड्याळ पुढ्यात ठेवून मुद्दाम मुग्धाचा विचार केला – बाल्कनी, बॉस, विनोद. दहा मिनिटं मनाला पेटवत बसले. रेष सरळ. ठरवून जळता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कंटाळून मी जुन्या मेलमधून प्रोजेक्टची एक फाइल काढायला गेले आणि समोर आला तो प्रस्ताव. पहिली चार पानं माझी, शब्द न् शब्द. वर नाव एकच, मुग्धाचं. मी काही ठरवलं नव्हतं, नुसती बघत बसले होते. बाजूच्या पडद्यावर रेष वर गेली.

त्यानंतर मी मुग्धाशी नीट बोलू शकले नाही. काय बोलणार?

अबनामं मंगळवारी सकाळी दहाला. गिऱ्हाईक बॉनहून व्हिडिओवर, मुग्धा घरून. बाहेरून उघडून दाखवणं हाच प्रोजेक्ट, आणि तिला घराबाहेर पडायची परवानगी नव्हती, त्यामुळे दुसरीकडे बसवायचा प्रश्नच नव्हता. चाळीस भिंगांच्या फाइली एकामागून एक उघडायच्या, प्रत्येक दहा सेकंदांच्या आत. पाच चुकल्या की नापास. मी ऑफिसात, मीटिंगच्या खोलीत, आलेखासमोर. फर्ट्रेटुंगची जागा तीच होती.

खरं सांगू? मी घरीच राहायला हवं होतं, आणि मला ते माहीत होतं. तरी गेले. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त बसून बघायचं होतं. कुठल्याही लॉगमध्ये माझं नाव आलं नसतं.

तासभर ओळखी आणि माहिती झाली, मग पहिल्या पाच फाइली छान उघडल्या. बॉनच्या बाईंनी तिच्या जर्मनचं कौतुक केलं. सहावी अडकली, छत्तीस सेकंद. सातवी अडकली. मुग्धा म्हणाली, "आइनन मोमेंट, बिटे," जरा थांबा, आणि तिचा आवाज बारीक झाला. तो आवाज मला माहीत होता. तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला माझ्याआधी ती आत गेली होती, तेव्हा दाराबाहेर मला असाच ऐकू आला होता. त्या दिवशी माझे हात गार पडले होते, तिच्यासाठी. आज मला आनंद झाला. लपवून काय करू, झाला. नववी गेली. बॉस माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तयारी ठेव." अकरावी गेली.

चार झाल्या. आणखी एक, की सगळं माझं.

पडद्यावर मुग्धा एक हात पोटावर ठेवून दुसऱ्या हाताने माउस हलवत होती. गिऱ्हाइकासमोर ती मराठीत बोलली, फक्त माझ्यासाठी, "बघ ना गं जरा, तूच बघ."

बॉनच्या बाईंनी अर्ध्या तासाची विश्रांती जाहीर केली. मी उठले. टोर्स्टनला म्हणाले, "तू बस इथे." फोन खिशात होता तसाच घेऊन जिना उतरले आणि नदीकडे चालत सुटले. साले नदी ऑफिसपासून दहा मिनिटांवर आहे. पण चालल्याने काय होतं... मनात तेच चाललं होतं. एका बाकावर बसले. दुसरं काही सुचेना, म्हणून काकूंनी केलं होतं ते केलं. हवेतच, समोर मुग्धाचा चेहरा आहे असं धरून दोन्ही हात फिरवले, कानशिलांवर बोटं मोडली. आणि मोठ्याने म्हणाले, "माझी लागली असेल ती जाऊ दे."

कुत्रा घेऊन चाललेले एक आजोबा थांबून बघायला लागले. मी पुन्हा म्हणाले. माझी. माझीच आहे. जाऊ दे. मला हुंदका आला, तेव्हा आजोबा निघून गेले.

फोन वाजला. टोर्स्टनचा मेसेज, "पुन्हा चालतंय." अकरा तेवीस.

आलेख मी जपून ठेवला आहे. अकरा बावीसपर्यंत नुसते डोंगर, पुढे रेष सपाट. राहिलेल्या फाइलींतली एकही चुकली नाही. अबनामं झाली.

टिकेट बंद करताना आमच्या सिस्टिमला कारण द्यावंच लागतं, यादीतून निवडून. केबल, राउटर, सर्व्हर, वापरणाऱ्याची चूक. मी शेवटचं निवडलं – अज्ञात. टोर्स्टन अजून म्हणतो त्सूफाल, आणि त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. माझंही त्याला येत नाही. कुणाकडे तिसरं काही असेल तर जरूर लिहा, पण पाकिटांचा आकार बघितलास का असं विचारू नका.

गेल्या गुरुवारी मुग्धाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. तिने मला फोटो पाठवला, सगळ्यांच्या आधी मला. फोटो आपोआप उघडणार नाहीत अशी सेटिंग मी फोनमध्ये आधीच करून ठेवली होती, त्यामुळे तिथे नुसता धुरकट गुलाबी चौकोन दिसतो. त्याला बोट लावायचं मला अजून धाडस झालेलं नाही.

संध्याकाळी तिने विचारलं, "पाहिलीस का गं?"

मी लिहिलं, "हो. अगदी तुझ्यासारखी आहे."